गुळगुळीत इंजिन सोपं नसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आजवर प्लास्टिकची विमानं जोडली, आता वाफेचं स्ट्रीमलाइन्ड इंजिन शून्यापासून करायचंय. इंग्लंडचं मॅलार्ड घेऊ की आपलं डब्ल्यूपी? स्केल कोणतं? आणि वरून सगळं गुळगुळीत असल्यामुळे पाइप-रिव्हेटवाल्या इंजिनापेक्षा हे सोपं जाईल ना?"

शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सोपं जाणार नाही. साध्या इंजिनावर पाइप, पंप, हँडरेल, रिव्हेट यांची एवढी गर्दी असते की बॉयलर अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तरी कुणाच्या बापाला कळत नाही. स्ट्रीमलाइन्ड, म्हणजे हवा कापायला गुळगुळीत आवरण घातलेल्या इंजिनावर नजरेला अडकायला दुसरं काही नसतंच. एक मोठा वळलेला पत्रा आणि त्याच्यावर पडलेला उजेड, संपलं. पत्र्यात लाट असली तर उजेड चुगली करतो.

हे मी शिकलो एका गॅरेजमधल्या डेंटिंगवाल्या काकांकडून. गाडीचं दार ठोकून झालं की ते ट्यूबलाइटखाली उकिडवे बसायचे आणि दाराकडे तिरकं बघायचे. ट्यूबचं प्रतिबिंब सरळ रेघेत पळालं तर काम झालं. रेघ जिथे थरथरली तिथे खडूची खूण. मग तळहाताखाली मलमलीचं फडकं घेऊन डोळे मिटून हात फिरवायचे. फडकं कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नुसता हात पत्र्याला चिकटतो, फडकं सरकतं, मग खड्डा सांगतो मी इथे आहे." गेली पंचवीस वर्षं माझ्या टेबलावर मलमलीचा एक तुकडा असतो. विमानांच्या पंखांवर तुम्ही हे थोडंफार केलं असेल, पण पंखाचा साचा कंपनीने बनवलेला होता. इथे साचा तुमचा.

आता कोणतं इंजिन. दोन्ही तुम्हाला स्ट्रीमलाइन्ड वाटतात, पण करणाऱ्याच्या दृष्टीने ती दोन वेगळ्या जातींची आहेत.

डब्ल्यूपी म्हणजे ब्रॉडगेजचं पॅसेंजर इंजिन: डब्ल्यू ब्रॉडगेजचा, पी पॅसेंजरचा. पहिली सोळा अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून १९४७ मध्ये आली, पुढे इतर देशांतल्या कारखान्यांनी बांधली, आणि १९६३ ते १९६७ मध्ये चित्तरंजनला २५९ झाली. एकूण ७५५. माझे मामा भुसावळला रेल्वेत होते, त्यामुळे लहानपणच्या सुट्ट्या या इंजिनाच्या नाकासमोर गेल्या. मुंबईकडून येणाऱ्या गाड्या घाटात विजेवर चालायच्या, खरी वाफ बघायला पुढे जावं लागायचं. तेव्हा माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळलंच असेल. पण डब्ल्यूपी आधी करा असं मी म्हणतो ते प्रेमापोटी नाही. त्याचं बंदुकीच्या गोळीसारखं नाक जवळजवळ पूर्ण गोल आहे. मधोमध हेडलाइट, भोवती रंगवलेली चांदणी. जे गोल आहे ते लेथवर निघतं. पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या सळईतून दोन तासांत नाक हातात येतं आणि डावी-उजवी बाजू सारखी आहे का ही काळजीच उरत नाही. बाकी इंजिन अर्धंच झाकलेलं आहे. चाकं, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह गिअर, सगळं उघडं. म्हणजे गुळगुळीत कामही शिकता आणि बारीक कामही.

मॅलार्डचं तसं नाही. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या ए४ वर्गातलं हे ४४६८ क्रमांकाचं इंजिन. सर नायजेल ग्रेस्लींनी आखलेली अशी ३५ इंजिनं १९३५ ते १९३८ या काळात डॉनकास्टरला बनली. ३ जुलै १९३८ ला स्टोक बँकच्या उतारावर मॅलार्डने ताशी १२६ मैल, म्हणजे २०३ किलोमीटर गाठले. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही टिकून आहे. त्याचं नाक म्हणजे पाचर: बुगाटीच्या फ्रेंच रेलकारवरून घेतलेला उतार, जो वर बॉयलरच्या गोलाईत आणि खाली बाजूच्या पत्र्यात विरघळतो. पाचर नेमकी कुठे संपते आणि गोलाई कुठे सुरू होते यावर बोट ठेवता येत नाही. म्हणून ते सुंदर आहे आणि म्हणूनच त्याची वाईट मॉडेल्स जगात इतकी आहेत. ते दुसऱ्या खेपेला करा.

कोणतं आवरण कितपत छळणार हे ओळखायची एक घरगुती युक्ती आहे. वहीचा कागद घ्या आणि आधी डब्याला गुंडाळा. कुठे सुरकुती नाही. पत्राही तसाच बसेल. आता तोच कागद नारळावर बसवा. चुरगळतो. डबा एकाच दिशेने वळलेला असतो, नारळ दोन्ही दिशांनी. जिथे कागद चुरगळतो तिथे पत्रा कापून-वाकवून कधीच बसणार नाही. तिथे एकतर ठोकून ताणायचा, नाहीतर साच्यातून ओतायचा, नाहीतर प्रिंट करायचा. ए४ची लांबच लांब बाजू डबा आहे, नाक नारळ आहे. हे आधी ओळखलं की अर्धी डोकेदुखी वाचते. नवशिका माणूस अख्खं आवरण एका पत्र्यातून काढायला जातो आणि नाकाशी येऊन रडतो.

स्केलचं थोडक्यात, कारण इथे गणितच उत्तर देतं. आपलं ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. बाजारात सहज मिळणारा एचओ (१:८७ मापाच्या मॉडेलांचा) रूळ १६.५ मिलिमीटरचा. १:८७ ने आपला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १९.३ मिलिमीटर यायला हवा. डब्ल्यूपीचं आवरण बरोब्बर १:८७ चं केलं आणि १६.५ च्या रुळावर ठेवलं, तर समोरून इंजिन आखूड धोतरातल्या पैलवानासारखं दिसतं: वर धिप्पाड, खाली काटकुळं. ए४ला हा त्रास तुलनेने कमी, कारण त्याची झालर, म्हणजे बाजूने खाली उतरलेला पत्रा, चाकांचा बराच भाग झाकते. डब्ल्यूपीची चाकं चव्हाट्यावर आहेत. म्हणून डब्ल्यूपी करायचं तर मी सात मिलिमीटरला एक फूट हे स्केल सुचवतो, म्हणजे १:४३.५ च्या जवळ. गेज येतो ३८.५ मिलिमीटर, ५ फूट ७ इंचाचं मोठं चाक येतं ३९ मिलिमीटरचं आणि टेंडरसकट (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट) इंजिन साधारण ५५ सेंटिमीटर. तयार रूळ मिळणार नाही, स्वतः टाकावा लागेल. पण कपाटात ठेवायला एक मीटर रूळ टाकणं म्हणजे दोन रविवार. या आकारात कानस हातात धरता येते हेही महत्त्वाचं. ए४ कराल तेव्हा ओओ, म्हणजे चार मिलिमीटरला एक फूट, हे स्केल घ्या, चाकं-मोटरी सहज मिळतात.

आणि वर्ष ठरवा. "मॅलार्ड करतोय" हे वाक्य अपुरं आहे. झालरींमुळे फिटरचे हात आत पोचेनात, म्हणून युद्धकाळात ए४ च्या झालरी काढून टाकल्या. मॅलार्डला पहिल्यापासून दुहेरी चिमणी होती. बांधल्यापासून तशी ती ३५ पैकी चारांनाच होती, त्यामुळे भावंडांचे फोटो बघून चिमणी केलीत तर चुकाल. यॉर्कच्या संग्रहालयात आज ते झालरीसकट, निळ्या रंगात, ४४६८ क्रमांकासह उभं आहे. ते १९३८ चं रूप आहे. डब्ल्यूपीचंही तसंच. बांधणारे कारखाने वेगळे, रेल्वेगणिक रंग वेगळे, चांदण्या वेगळ्या. एक क्रमांक धरा आणि त्याचेच फोटो जमवा. चालू स्थितीतली डब्ल्यूपी बघायची तर हरयाणात रेवाडीच्या शेडमध्ये जा. ७१६१ क्रमांकाचं 'अकबर' तिथलंच.

मी गेलो होतो तेव्हा परवानगी काढून टेप, ओळंबा आणि पुठ्ठा घेऊन गेलो. नाकाच्या टोकापासून ओळंबा सोडला आणि दर दहा सेंटिमीटरला दोरी ते पत्रा अंतर लिहून घेतलं. शेडमधले एक बुजुर्ग फिटर बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "भाईसाब, कपडे सिलवाने हैं क्या इसके?" खरं तर तेच करत होतो. फोटो काढताना जवळ जाऊ नका. जवळून नाक फुगतं, मागचं सगळं आक्रसतं. जितकं लांब जाता येईल तितकं जा आणि झूम वापरा. मोबाइलने दोन मीटरवरून काढलेल्या फोटोवर माप धरून मी एक अख्खं नाक फुकट घालवलंय.

आता मुख्य काम, नाक. डब्ल्यूपीचं लेथवर, ते सांगितलं. स्वतःचं लेथ नसेल तर कुठल्याही औद्योगिक वसाहतीत लहान जॉब करून देणारे भेटतात, पण पुठ्ठ्याचा छेद कापून न्या. कागदावरचं ड्रॉइंग देऊन "असं थोडं गोल करा" म्हणालात तर मोदक मिळेल. पत्र्याचंच पोकळ नाक हवं असा हट्ट असेल, तर पुण्याच्या तांबट आळीत जाऊन मठारकाम बघून या. लाकडी ठोकळ्यावर तांब्याचा पत्रा ठोकत ठोकत तो कसा ताणला जातो, मध्येच तापवून परत मऊ का करावा लागतो, हे दहा मिनिटं बघण्यात जे कळतं ते लिहून सांगता येत नाही. पितळ ठोकून कडक झालं की चिरतं. मंद लाल होईपर्यंत तापवा, गार होऊ द्या, पुन्हा ठोका.

ए४च्या नाकाला माझी पद्धत फासळ्यांची आहे. आधी बाजूने दिसणारी मधली रेषा एक मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटमधून कापायची, हा कणा. मग दर पाच मिलिमीटरला समोरून दिसणारा छेद, तोही शीटमधून कापलेला, खाच पाडून कण्यावर बसवायचा. दिसायला माशाच्या काट्यासारखं दिसतं. मधल्या जागा बाल्सा लाकडाने भरायच्या आणि वरून गाड्यांना लावतात ती लांबी (पुट्टी). वाळली की लाकडी पट्टीला गुंडाळलेल्या पॉलिशपेपरने घासायचं. नुसत्या बोटाने नाही, बोट मऊ जागी खड्डा करतं. घासता घासता एका क्षणी लांबीतून फासळ्यांच्या कडा पांढऱ्या रेघांसारख्या दिसू लागतात. तिथे थांबायचं. या पद्धतीचं सगळं मर्म त्या रेघांत आहे. रेघ दिसली नाही तर अजून घासायचंय, रेघ रुंद झाली तर जास्त घासलं. सारखेपणा तपासायला डाव्या बाजूवर नेमका बसेल असा पुठ्ठा कापायचा आणि तोच उलटा करून उजवीकडे धरायचा. मागून टॉर्च लावला की फट दिसते.

चिमणीच्या मागे एक उथळ खळगा आहे, तो विसरू नका. हवेच्या बोगद्यात ए४ च्या नमुन्यावर चाचण्या चालल्या होत्या आणि धूर वर उचलला न जाता ड्रायव्हरच्या तोंडावर येत होता. मातीच्या नमुन्यावर चिमणीमागे चुकून कुणाचा तरी अंगठा दाबला गेला आणि पुढच्या चाचणीत धूर उचलला गेला, अशी हकीकत सांगतात. मॉडेलमध्ये मी तो खळगा खरोखरच पॉलिशपेपर गुंडाळलेल्या करंगळीने काढतो. एवढ्या एका जागी बोट चालतं.

थ्रीडी प्रिंटबद्दल विचारलं नाहीत, पण विचारणार आहात. करा, त्यात कमीपणा काही नाही. दोन गोष्टी सांभाळा. एक, संगणकातून फाइल काढताना रिझोल्यूशन कमी राहिलं तर गोलाई म्हणजे छोट्या छोट्या सपाट तुकड्यांची माळ होते. प्राइमरखाली दिसत नाही, चकचकीत रंग मारला की फुटबॉलसारखी दिसते. दोन, थरांच्या पायऱ्या उताराच्या पृष्ठभागावरच सर्वांत जास्त दिसतात आणि ए४चं नाक म्हणजे उतारच आहे. प्रिंट तिरका उभा करा, म्हणजे पायऱ्या तुमचा पॉलिशपेपर पोचेल अशा जागी येतील. घासण्यातून सुटका त्यातही नाही.

बाकी आवरणाला ०.२५ ते ०.४ मिलिमीटरचं पितळ पुरतं. खऱ्या पत्र्याची जाडी या स्केलला कागदाहून पातळ येईल, ते शक्य नाही. पण माणसाला जाडी दिसते ती फक्त कडेला. झालरीची खालची कड आतल्या बाजूने तिरकी कानसली की बाहेरून पत्रा पातळ भासतो. फार स्वस्तातली फसवणूक आहे.

झालरीवरून एक जुनं दुखणं आठवलं. पहिलं ए४ केलं तेव्हा घरच्या सरळ रुळावर झकास पळायचं. एका प्रदर्शनात वळणावर गेलं की मरायचं. वळणाबाहेर ढकललं की जिवंत. मी मोटर उघडली, तारा बदलल्या, रूळ पुसले. लोक जमले, एका लहान मुलाने "काका, त्याला भूक लागली असेल" असं निदानही केलं. रात्री घरी झालर काढून पाहिली, तर आतल्या बाजूला अर्धा सेंटिमीटर लांबीचा चकचकीत ओरखडा. वळणावर पुढची छोटी चाकं बाहेर झुकून पितळी झालरीला टेकत होती आणि तिथेच शॉर्ट होत होतं. कारण समजून घ्या. मॉडेलची वळणं अमानुष असतात. एचओचं नेहमीचं ४५७ मिलिमीटर त्रिज्येचं वळण खऱ्या मापात जेमतेम ४० मीटर होतं. असलं खरं वळण कुठल्या एक्स्प्रेस इंजिनाच्या वाट्याला येत नाही. उपाय असे: झालर आतून जमेल तितकी पातळ करा, आतल्या बाजूला वॉर्निशचे दोन हात द्या किंवा पातळ कागद चिकटवा, आणि मधल्या मोठ्या चाकांच्या आसाला बाजूला सरकायला थोडी ढील ठेवा. आणि हे सगळं रंगाच्या आधी, तुमच्याकडच्या सर्वांत घट्ट वळणावर तपासा.

आवरण आणि चासी, म्हणजे चाकं-मोटरचा खालचा सांगाडा, वेगळी ठेवा. पुढे एक स्क्रू, कॅबखाली एक. आवरण कायमचं जोडून टाकणारा माणूस सहा महिन्यांनी ते करवतीने कापताना मी पाहिलाय. वजनाचा तोलही आत्ताच बघा. भरीव पितळी नाक असेल तर इंजिन नाकावर झुकतं, मोठी चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात. इंजिन मधल्या मोठ्या चाकाच्या आसाखाली पट्टीवर ठेवून बघा. नाकाकडे कललं तर नाक आतून पोखरा किंवा कॅबकडे शिसं भरा.

रंगाविषयी एकच आग्रह: पावसाळ्यात फवारू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत लॅकर वाळताना वर पांढुरकी झाक येते आणि गडद निळ्यावर ती कोडासारखी दिसते. दिवाळीनंतरची कोरडी दुपार धरा. प्राइमर करडा मारा, त्यावर काळ्या रंगाचा अगदी पुसट फवारा द्या आणि १००० नंबरच्या कागदाने ओलं घासा. काळं जिथे राहिलं तिथे खड्डा, जिथे पहिल्यांदा गेलं तिथे उंचवटा. खड्डे भरा, परत तेच. मला ए४ला ही फेरी सात वेळा करावी लागली, डब्ल्यूपीला तीन. मॅलार्डचा काळा चेहरा आणि निळं अंग यांच्यामधली वक्र सीमारेषा मास्किंग टेपने सरळ लावायला जाऊ नका. टेप वळत नाही, सुरकुतते. काचेवर टेप चिकटवून त्यातून ती कमान ब्लेडने कापा आणि डाव्या-उजव्यासाठी एकाच पुठ्ठ्याचा नमुना वापरा. डब्ल्यूपीची चांदणी मात्र हाताने रंगवा. शेडमधल्या पेंटरनेही हातानेच काढली होती, आणि एखादं टोक किंचित लांब झालं तर ते जास्त खरं दिसतं.

चाकं-मोटर विकत घेण्याआधी नाक करा. ते महिनाभरात जमलं नाही तर पैसे तरी वाचतील. जमलं तर नुसता करडा प्राइमर मारून, वर पाण्याचा हात फिरवून ओलं असतानाच ट्यूबलाइटखाली तिरका फोटो काढून पाठवा. समोरून काढलेला फोटो नको, त्यात सगळ्यांचीच नाकं चांगली दिसतात.